आखूड पंख

तलावाच्या काठी त्याला सगळे कप्तान म्हणत. बापजन्मी त्याने जहाज पाहिलं नव्हतं, पण डोक्यावर नांगराचं चित्र काढलेली निळी टोपी होती आणि तेवढ्या भांडवलावर त्याची कप्तानकी वीस वर्षं चालली होती. काठावर पत्र्याची शेड, शेडमध्ये मांडणीवर आडवे ठेवलेले अठरा पॅडलबोर्ड, कोपऱ्यात वल्ही, खुंट्यांवर लाइफ जॅकेटं. तलाव पिण्याच्या पाण्याचा, म्हणून मोटरबोटीला बंदी. पाण्यावर जायचं तर कप्तानच्या बोर्डावर उभं राहून, लांब दांड्याच्या वल्ह्याने पाणी मागे सारत जायचं. शेडच्या मागेच त्याचं घर होतं.

एक मात्र कबूल करायला हवं. माणूस कसाही असो, शिकवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. नवशिका बोर्डावर उभा राहिला की पाच मिनिटांत त्याची एकच रड सुरू होते, अहो, हा सरळ जातच नाही. डावीकडे वल्हवलं की नाक उजवीकडे, उजवीकडे वल्हवलं की नाक डावीकडे, आणि माणूस जागच्या जागी गिरक्या घेतोय. कप्तान काठावरून एकदा बघायचा आणि सांगायचा. दांडा तिरका नको, उभा धरा. बोर्डाच्या कडेला लागून ओढा, लांबून गोल फिरवू नका. वल्हं पावलापाशी आलं की बाहेर काढा, मागेपर्यंत नेलंत की नाक फिरलंच म्हणून समजा. पाच इकडे, पाच तिकडे. आणि पायाकडे काय बघताय, जिथे जायचंय तिथे बघा. अर्ध्या तासात तोच माणूस सुतासारखा सरळ जायचा आणि परत येऊन कप्तानला नमस्कार करायचा.

पण हे सगळं बोलायच्या आधी तो न बोलता एक काम करून ठेवायचा. नवशिक्याच्या बोर्डाला तो सगळ्यात लांब पंख लावायचा. पंख म्हणजे बोर्डाच्या पोटाला, शेपटीकडे बसवलेला पातळ तुकडा, माशाला असतो तसाच. एका स्क्रूवर बसतो, दोन मिनिटांचं काम. पंख वीतभर लांब असला की बोर्डाची शेपटी पाणी धरून राहते आणि नवख्या हातांच्या चुका पोटात घालते. बोटभर असला की प्रत्येक चुकीला शेपटी घसरते आणि नाक फिरतं. असे आखूड पंख कप्तानने उन्हाळ्यासाठी ठेवले होते. पाणी आटलं की तळाचे दगड वर येतात आणि लांब पंख त्यांना अडकतो, तेव्हापुरते.

याच पंखापायी अकरा वर्षांपूर्वी त्याचं आणि साडूचं फाटलं होतं. साडू सुतार. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, पलीकडच्या काठावर राहणारा, कमी बोलणारा माणूस. त्याने दोन महिने खपून कप्तानला एक लाकडी बोर्ड करून दिला. पहिल्याच दिवशी पंधरा-वीस गिऱ्हाइकांसमोर कप्तान त्यावर उभा राहिला आणि बोर्ड काही केल्या सरळ जाईना. कप्तानने पाण्यातूनच सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगून टाकलं की सुताराला सरळ फळी कापता येत नाही. सुतार चपला काढून गुडघाभर पाण्यात आला, त्याने बोर्ड उलटा केला आणि बोट ठेवून दाखवलं. पंख उलटा बसवला होता, शेपटीकडचं टोक नाकाकडे. बसवणारा खुद्द कप्तान. काठावर असा काही हशा पिकला की विचारू नका. सुतार हसला नाही. त्याने खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला, पंख फिरवून नीट बसवला आणि घरी निघून गेला.

हसला असता तर कदाचित कप्तानने माफ केलं असतं. न हसता चूक दुरुस्त करून गेला, ते त्याच्या फार जिव्हारी लागलं. लाकडी बोर्ड त्याने फोडून टाकला, साडूला दार बंद केलं आणि त्याच्या दारात मी पाय ठेवणार नाही असं जाहीर केलं. आपली चूक, आपलंच हसं, आणि शिक्षा भोगली कोणी, तर दोघी बहिणींनी. असल्या माणसांचा राग नेहमी दुसऱ्याच्या जिवावर चालतो.

बहिणी फोनवर बोलायच्या, रोज. भेटणं मात्र बंद झालं. पलीकडच्या काठावरचं धाकटीचं हिरव्या पत्र्याचं घर शेडसमोरून स्वच्छ दिसायचं. पाण्यावरून ते एक किलोमीटरही नव्हतं, रस्त्याने वळसा त्रेपन्न किलोमीटरचा. दोन बस बदलायच्या आणि परतीची बस दुसऱ्या दिवशी सकाळी. घरात कप्तानची आई चार वर्षं अंथरुणाला खिळलेली. दर दोन तासांनी तिची कूस बदलावी लागे, नाहीतर पाठीला जखमा होत. हे सगळं बायको करायची. दुपारी दीडला म्हातारीला भरवून, कूस बदलून निजवलं की साडेतीनपर्यंतचे दोन तास तिचे स्वतःचे. दिवसाकाठी तेवढेच.

त्या वर्षी धाकटीला पोटाचं मोठं दुखणं लागलं. डॉक्टरांनी दोनदा कापलं, तिसऱ्यांदा घरी घेऊन जा म्हणून सांगितलं. त्याचा अर्थ सगळ्यांना कळतो. फोनवरचा तिचा आवाज दिवसेंदिवस बारीक होत चालला आणि प्रत्येक फोनच्या शेवटी ती एवढंच म्हणायची, ताई, एकदा ये ना.

बायकोने कप्तानला विचारलं. गाडी काढा म्हणाली नाही, ते होणार नाही हे तिला ठाऊक होतं. दुपारी मला बोर्डावर पुढे बसवून पलीकडे सोडा, म्हणाली, तुम्ही काठालाही लागू नका, मी गुडघाभर पाण्यात उतरून जाईन. कप्तानने मान हलवली. त्या माणसाच्या काठाला माझा बोर्ड लागणार नाही, म्हणाला. तिने चहाची कपबशी पुसून ठेवली. मग म्हणाली, "तर मग मला शिकवा. माझी मी जाईन."

बायकोचं वय चोपन्न. कप्तानला हसू आलं, पण नाही म्हणायला तोंड नव्हतं. सत्तरीच्या आजोबांना आपण कसं उभं केलं, हे तोच गिऱ्हाइकांना रंगवून सांगायचा. बरं, म्हणाला, उद्यापासून ये. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, शेडमध्ये कोणी नसताना, त्याने एका बुटक्या बोर्डाचा लांब पंख काढला आणि बोटभर लांबीचा आखूड पंख लावला. तलाव काठोकाठ भरलेला होता, दगड कुठे दिसतही नव्हते.

का केलं, असं त्याला विचारलं असतं तर म्हणाला असता, काळजीपोटी. दुपारी वारा सुटतो, तिला पोहायला जेमतेम येतं, भलतीकडे जाऊ नये, काठाजवळच राहावी. सगळी थाप. वाऱ्यात आखूड पंखाचाच बोर्ड आधी भरकटतो, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत असणार? खरं कारण त्याच्या पोटात होतं. ती त्या काठावर पाय ठेवणार, त्या माणसाच्या हातचं पाणी पिणार, आणि तो न हसता तिच्याकडे बघणार. ते त्याला सहन होत नव्हतं.

तिला पाण्यात उतरवताना मात्र त्याची काळजी बघण्यासारखी असायची. लाइफ जॅकेटचे पट्टे स्वतः ओढून बघायचा. बोर्ड स्वतः खांद्यावरून आणायचा आणि अलगद पाण्यात ठेवायचा. तू उचलू नको, तुझी कंबर दुखेल. येणाऱ्या-जाणाऱ्या बायका म्हणायच्या, नवरा असावा तर असा. बोर्डाचं पोट तिच्या नजरेला पडू नये म्हणून चाललंय, हे त्या बिचाऱ्यांना काय माहीत.

आणि शिकवायचा तो सगळं खरंच. दांडा उभा, कडेला लागून, पावलापाशी बाहेर, पाच इकडे, पाच तिकडे. समोर हिरवा पत्रा दिसतोय ना, त्याच्यावर नजर ठेव. तो सांगेल तसं ती करायची. दोन वल्ही मारेपर्यंत नाक पत्र्याकडे असायचं, तिसऱ्याला शेपटी घसरायची आणि नाक डावीकडच्या धरणाच्या भिंतीकडे वळायचं. ती सरळ करायची, ते दुसरीकडे जायचं. तासाभराने घामाने निथळून परत यायची तेव्हा काठापासून फार तर दोनशे पावलं गेलेली असायची. तिच्याच बाजूने काल आलेली कॉलेजच्या पोरींची टोळी हसत-खिदळत सरळ निघून जायची. तिने एकदा विचारलं, त्यांचा सरळ जातो, माझाच का जात नाही? कप्तान म्हणाला, हात. तुझा उजवा हात वाकडा पडतो. एकदा तिने त्या मुलींचा मोठा बोर्ड मागितला. तो जड आहे, तुला पेलणार नाही, म्हणाला. तिला ते पटलं. वीस वर्षं ज्याला शिकवताना पाहिलं, त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही तर कोणावर?

घरी येऊन ती झाडू घेऊन सराव करायला लागली. म्हातारीच्या खाटेशेजारी उभी राहायची आणि झाडूचा दांडा उभा धरून हवा मागे ओढायची, पाच इकडे, पाच तिकडे. म्हातारी डोळे किलकिले करून बघायची आणि विचारायची, काय गं, जाळं काढतेस का? कप्तान दारातून हे पाहायचा. फोनवर ती धाकटीला सांगत होती ते त्याने ऐकलं, "अगं, माझे हातच वाकडे आहेत बघ. पण सुधारतायत. थोडी कळ काढ."

त्या दिवशी कप्तानला जेवण गेलं नाही. इतकं तरी होतं त्याच्यात. तीन आठवडे झाले होते. त्याने ठरवलं, पुरे झालं, सोमवारी शेड बंद असते, तेव्हा गुपचूप लांब पंख बसवून टाकायचा. ती आपोआप सरळ जाईल, तिला वाटेल आपले हात सुधारले, आणि कोणाला काही कळणार नाही. त्याने लांब पंख काढून टेबलाच्या खणात ठेवला आणि स्क्रू शर्टाच्या खिशात टाकला. तो दिवस शुक्रवार होता. शुक्रवारीच बसवता आला असता.

शनिवारी दुपारी दीडच्या सुमाराला फोन वाजला. बायको म्हातारीला भरवत होती, म्हणून फोन कप्तानने उचलला. पलीकडे साडू. अकरा वर्षांनी तो आवाज. रडणं नाही, ओरडणं नाही, फळीचं माप सांगावं तसा म्हणाला, "ताईंना पाठव. आजचा दिवस निघेल असं वाटत नाही." आणि फोन ठेवला.

कप्तानने निरोप सांगितला, एवढं मात्र केलं. बायकोने घास खाली ठेवला, हात धुतले, म्हातारीची कूस बदलली आणि शेडकडे चालू लागली. तो मागोमाग गेला. गाडी काढतो, हे शब्द त्याच्या ओठांवर आले होते असं तो पुढे स्वतःला बरेच दिवस सांगत राहिला. पण त्रेपन्न किलोमीटर घाटाचा रस्ता, दीड तास. आणि पाणी समोर पसरलेलं, लांब पंखाने पंचवीस मिनिटांचं.

त्याने मांडणीवरून बुटका बोर्ड काढला. खण हाताच्या अंतरावर होता. स्क्रू खिशात होता. दोन मिनिटांचं काम. बायको दारात जॅकेट अडकवून उभी होती आणि म्हणत होती, लवकर. कप्तानच्या मनात आलं, आत्ता बसवायला घेतला तर ती बघेल. विचारेल, आधी कोणता होता? मग तीन आठवडे, मग झाडू, मग हात. मोठा बोर्ड काढला असता तरी चाललं असतं, पण तो तुला पेलणार नाही असं तोच म्हणाला होता. स्वतःचं तोंड लपवायला त्याला दोनच गोष्टी हव्या होत्या, खण बंद आणि बोर्डाचं पोट खाली. त्याने बोर्ड नेहमीसारखा खांद्यावरून नेला आणि अलगद पाण्यात ठेवला.

ती एक चाळीसला निघाली. कप्तान काठावर उभा राहिला. वारा होताच. नाक पत्र्याकडे, मग धरणाकडे, मग पुन्हा पत्र्याकडे, मग उजवीकडच्या झाडीकडे. मध्ये एकदा बोर्ड पुरता उलटा फिरला आणि ती क्षणभर त्याच्याकडे तोंड करून उभी होती. तिने तो फिरवून घेतला आणि पुन्हा सुरुवात केली. दोनदा पडली, दोनदा चढली. परत फिरेल, अर्ध्यातून परत फिरेल, असं तो मनाशी म्हणत होता. ती फिरली नाही. पलीकडच्या काठाला ती लागली तेव्हा शेडमधल्या घड्याळात तीनला पाच कमी होते. सव्वा तास.

चार वाजता तिचा फोन आला. गेली, म्हणाली. मी दोन दिवस इथेच आहे. आईंची कूस दर दोन तासांनी बदला, पावडर उजव्या खणात आहे.

रविवारी कप्तानने गाडीची किल्ली हातात घेतली, गाडीत जाऊन बसला, इंजिन सुरू केलं आणि बंद केलं. शेवटचं सगळं पलीकडे त्याच्याशिवाय उरकलं. आईची कूस बदलताना तिचं वजन त्याला पहिल्यांदा कळलं. पण त्याचा जीव कशात अडकला असेल तर बोर्डात. बोर्ड जमिनीवर ठेवायचा तर उलटा ठेवतात, पोट वर करून, म्हणजे पंख मोडत नाही. हे ती शेडमध्ये वीस वर्षं पाहत आली होती. म्हणजे दोन दिवस तो बोर्ड सुताराच्या अंगणात पालथा पडलेला असणार, बोटभर पंख आभाळाकडे करून. आणि त्या माणसाचे डोळे कशावरून फिरतात आणि कशावर थांबतात, हे कप्तानला अकरा वर्षांपासून पाठ होतं.

सोमवारी दुपारी अडीचच्या सुमाराला पलीकडच्या काठावरून एक ठिपका सुटला. शेड बंद होती, तरी चौकशीला आलेल्या एक बाई काठावर उभ्या होत्या. ठिपका मोठा होऊ लागला. कप्तानने डोळ्यांवर हात धरून पाहिलं. बोर्ड सरळ येत होता. दांडा उभा, पाच इकडे, पाच तिकडे, वल्हं पावलापाशी बाहेर. नाक शेडच्या दारावर रोखलेलं, ते जराही हलत नव्हतं. तोच वारा, तीच बाई, तेच हात.

"काय सरळ येतायत हो त्या," चौकशीच्या बाई म्हणाल्या. "तुम्हीच शिकवलंत का?"

कप्तानने टोपी काढली आणि पुन्हा घातली.

बोर्ड काठाला लागला. सवयीने तो पुढे झाला, बोर्ड उचलायला. तिने हात आडवा केला. मग तिने स्वतः बोर्ड ओढून वाळूवर घेतला आणि पालथा केला. शेपटीला लाकडी पंख होता, वीतभर लांब, नुकता रंधा मारलेला, कडा घासून पातळ केलेल्या. घरात मरण झालेल्या माणसाने तो बसून केला होता. जॅकेटच्या खिशातून तिने आखूड पंख काढला आणि कप्तानच्या हातात ठेवला.

"तिला उशांना टेकवून खिडकीशी बसवलं होतं," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, उलट फार खाली होता. "मी निघाल्यापासून बघत होती. म्हणाली, ताई गोल गोल का फिरतेय, तिला म्हणावं सरळ ये. अडीचला गेली. मी तेव्हा मध्यावर होते."

कप्तान म्हणाला, मी सोमवारी बदलणार होतो. त्याने खिशातून स्क्रू काढून तिला दाखवलासुद्धा. माणसाची अक्कल कुठे गहाण पडते बघा. तिने त्या स्क्रूकडे पाहिलं आणि मग त्याच्या तोंडाकडे.

"आईंची कूस किती वाजता बदललीत?"

"बारा वाजता," तो म्हणाला.

"म्हणजे तासभर उशीर झालाय," ती म्हणाली.

तिने बोर्ड स्वतःच काखेत मारला. तिला जड गेला नाही. शेडमध्ये मांडणीवर न ठेवता ती तो घराकडे घेऊन गेली, स्वयंपाकघराच्या दाराशेजारी भिंतीला उभा केला, पोट शेडकडे करून, आणि आत म्हातारीकडे गेली.

बोर्ड अजून तिथेच असतो. ती दुपारी कधी तो घेऊन पाण्यात जाते, सरळ जाते, सरळ येते, आणि पुन्हा तसाच उभा करून ठेवते. घरातलं सगळं करते. कप्तानला वेळेवर जेवायला वाढते, पण त्याच्याशी बोलते ते आईंच्या औषधांपुरतं. तो शेडमध्ये नवशिक्यांना शिकवतो, दांडा उभा धरा, कडेला लागून ओढा. जिथे जायचंय तिथे बघा म्हणताना मात्र तो गिऱ्हाइकाकडे तोंड करून, घराकडे पाठ करून उभा राहतो.